दुर्गम गावातला दवाखाना : इमारतीचा पैसा आणि पगाराचा पैसा

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसं. आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा सरकारी निकष आहे. तो तंतोतंत पाळला तरी एका केंद्राच्या वाट्याला सरासरी २७० चौरस किलोमीटर मुलूख येतो. भामरागड-एटापल्लीकडे वस्ती आणखी विरळ, त्यामुळे तिथे हा मुलूख याहून मोठा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होण्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. माणसं मोजून पुरेसा ठरवलेला दवाखाना पायी निघालेल्या गरोदर बाईला पुरत नाही. तिला पुरेल असा दवाखाना काढावा, तर दर रुग्णामागचा खर्च पाहून हिशेबनीस कपाळाला हात लावतो.

अशा गावांसाठी दवाखाना उभारायला पैसा कुठून आणायचा, यावरची चर्चा निदान पाऊणशे वर्षं जुनी आहे. ती बहुधा पैसा कोणी द्यायचा, या प्रश्नाभोवती फिरते : सरकारने, दानशूरांनी, कंपन्यांनी की गावकऱ्यांनीच? हा प्रश्न खराच आहे. पण मतभेदांच्या मुळाशी गेलं की आणखी एक प्रश्न सापडतो. पैसा इमारतीसाठी मागायचा, जी एकदाच बांधावी लागते, की नर्सबाईंच्या पगारासाठी, जो दर महिन्याला द्यावा लागतो? पहिल्यासाठी पैसा जमतो, दुसऱ्यासाठी जमवताना दमछाक होते. पुढच्या प्रत्येक मार्गात ही अडचण वेगळ्या रूपात भेटते.

सरकारी चौकट

भोर समितीने १९४६च्या अहवालात पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्यामागचं सूत्र. १९५२पासून सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रं उभी राहू लागली. पुढे उपकेंद्रं आली. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर गदारोळ झाल्यानंतर महाराष्ट्रात नवसंजीवनी योजना आणि भरारी पथकं आली. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या.

दवाखाना ही सरकारचीच जबाबदारी आहे, ही भूमिका १९७४पासून चालत आलेल्या मेडिको फ्रेंड सर्कलच्या वर्तुळात आणि पुढे जन आरोग्य अभियानाने सातत्याने मांडली. तिचे मुद्दे ठोस आहेत. देणगीतून एखादं चांगलं रुग्णालय उभं राहतं, व्यवस्था उभी राहत नाही. संस्था आहे म्हटल्यावर सरकार त्या टापूकडे पाठ फिरवायला मोकळं होतं. आणि विश्वस्त मंडळाला गावकरी निवडून देत नाहीत, जिल्हा परिषदेला देतात.

पैसा नाही हे उत्तरही या मंडळींना पटत नाही, आणि त्याला कारण आहे. १५व्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातला एक हेतू इमारत नसलेल्या उपकेंद्रांना आणि आरोग्य केंद्रांना इमारत देण्याचा होता. खाणी असलेल्या जिल्ह्यांत २०१५पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे आणि आरोग्य हा त्याच्या अग्रक्रमाचा विषय आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो.

यातला अबंध निधी सोडला, तर बाकीच्या पैशाचा कल बांधकामाकडे आहे. खासदार निधी तर टिकाऊ मालमत्तेसाठीच असतो. त्यातून कोणाचा पगार देता येत नाही. त्यामुळे नवीकोरी इमारत, तिच्यावर उद्घाटनाची कोनशिला आणि आत डॉक्टरचं पद रिक्त, हे दृश्य दुर्गम तालुक्यांत नवलाचं राहिलेलं नाही. एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सेवेमुळे काही जागा वर्षभरासाठी भरतात. डॉक्टरला गावाची भाषा कळू लागते तोवर त्याची मुदत संपत येते.

आदिवासी आरोग्यावरच्या तज्ज्ञ समितीचा २०१८चा अहवाल इथे महत्त्वाचा आहे. आरोग्य आणि आदिवासी विकास या दोन केंद्रीय मंत्रालयांनी २०१३मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष होते डॉ. अभय बंग. स्वयंसेवी क्षेत्रात हयात घालवलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली झालेला हा अहवाल देणगीदारांना साद घालत नाही, सरकारकडेच बोट दाखवतो. दर आदिवासी माणसामागे आरोग्यावर दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के इतका सरकारी खर्च व्हावा, अशी त्याची शिफारस आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत साऱ्या देशासाठीच सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सरकारी आरोग्यखर्चाचं लक्ष्य ठेवलं होतं. ते गाठलं गेलं नाही, हे ध्यानात घेतलं की या शिफारशीचं वजन कळतं.

मधला एक मार्गही आहे. आरोग्य केंद्र सरकारी, पगाराचा मुख्य भार सरकारचा, चालवणारी मात्र संस्था. कर्नाटकात डॉ. एच. सुदर्शन यांच्या करुणा ट्रस्टने १९९६मध्ये गुंबळ्ळीचं आरोग्य केंद्र असं चालवायला घेतलं आणि नंतर हा प्रयोग अरुणाचल प्रदेशासारख्या राज्यांत गेला. समर्थक म्हणतात, दार उघडं राहतं आणि माणूस जागेवर सापडतो. आक्षेप घेणारे विचारतात, हे खाजगीकरणाचं पहिलं पाऊल नव्हे कशावरून? संस्थांची स्वतःची तक्रार साधी असते : सरकारी हप्ता लांबला की तेवढे महिने पगार कुठून द्यायचे?

देणगीची वाट

महाराष्ट्रात दुर्गम भागातल्या दवाखान्याचं नाव काढलं की डोळ्यांसमोर सरकारी केंद्र येत नाही. जामखेड येतं, हेमलकसा येतं, शोधग्राम येतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३चा. शोधग्राम उभारणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६मध्ये गडचिरोलीला आले. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारीला 'एम्स'मध्ये शिकलेल्या डॉक्टरांच्या गटाने २०००मध्ये जन स्वास्थ्य सहयोगाचा दवाखाना सुरू केला, तोही पाटबंधारे खात्याने सोडून दिलेल्या इमारतींत. हेमलकशाची सुरुवात झोपडीत आणि झाडाखाली झाली. छोटं रुग्णालय पुढे स्विसएडच्या मदतीने उभं राहिलं. या सगळ्यांत क्रम सारखा आहे. काम आधी, इमारत नंतर. देणगीदारापुढे ठेवायला त्यांच्याकडे नकाशा नव्हता, रुग्णांची वही होती.

हा क्रम आज उलटा होताना दिसतो. आधी आराखडा, संगणकावर काढलेलं इमारतीचं रंगीत चित्र, मग आवाहन, मग डॉक्टरचा शोध. त्याला दोषच द्यायला हवा असं नाही. रुग्णालयाचे नोंदणीचे नियम, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, अग्निसुरक्षा यांमुळे झाडाखाली दवाखाना काढण्याचे दिवस गेले. पण निधी जमवणाऱ्याचं श्रेय बांधकाम पूर्ण झाल्यावर पदरात पडतं आणि दवाखान्याची कसोटी त्यानंतर सुरू होते, हे खरं.

मराठी समाजाची देण्याची स्वतःची रीत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने लेखन-प्रयोगांतून आलेला पैसा अनेक सामाजिक कामांकडे वळवला. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९७८मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन सुरू केलं. 'लोकसत्ता' २०११पासून गणेशोत्सवाच्या दिवसांत 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रमात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. त्यांत निवृत्तिवेतनातून हजार-दोन हजार बाजूला काढणारी माणसं असतात. अशा छोट्या देणग्यांना अटी नसतात. मोठ्या दात्याचा पैसा ठरल्या कामालाच लावावा लागतो. पेन्शनरबाईंच्या दोन हजारांतून जनरेटरचं डिझेल भरता येतं.

मोठी देणगी पाटी मागते. 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेली पाटी प्रसूतिगृहाच्या दारावर शोभते, शस्त्रक्रियागृहावर शोभते. डिझेलवर, ऑक्सिजनच्या सिलिंडरवर किंवा रात्रपाळीच्या भत्त्यावर कोणाच्या आईवडिलांचं नाव कोरणार? काही संस्थांनी यावर तोड म्हणून दवाखान्याचा एक दिवसाचा खर्च वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला देण्याची योजना काढली. ती चालते, पण तिला दर वर्षी नवी माणसं जोडत राहावं लागतं.

दुसरी तोड कायमनिधीची. मुद्दल बँकेत, व्याजावर दवाखाना. ऐकायला बिनघोर वाटते, हिशेबात तितकी नाही. १ कोटीवर ८ टक्क्यांनी वर्षाला ८ लाख मिळतात, ६ टक्क्यांनी ६ लाख. दर उतरले म्हणून नर्सचा पगार उतरवता येत नाही, औषधं तर महागच होत जातात. शिवाय विश्वस्त संस्थेला करसवलत टिकवायची तर सर्वसाधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग हेतूवर खर्च करावा लागतो. त्यामुळे चांगल्या वर्षी शिल्लक टाकून वाईट वर्षाची तजवीज करायला हात बांधलेले असतात. कायमनिधीसाठी देणगीदाराचं तसं लेखी पत्र लागतं, आणि असं पत्र देणारे थोडे.

कायद्याच्या बाजूने अलीकडे तीन बदल झाले. परदेशी देणगीविषयीच्या कायद्यात २०२०मध्ये दुरुस्ती झाली : पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के, आणि एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे हा पैसा वळवायला मनाई. पारदर्शकता वाढली, असं सरकारचं म्हणणं. शहरातल्या मोठ्या संस्थेने परवानगी काढायची आणि खेड्यातल्या छोट्या संस्थेला पैसा पोचवायचा, ही वाट बंद झाली, असं संस्थांचं म्हणणं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. परदेशातल्या मराठी देणगीदारांत इथे एक गोंधळ कायम असतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. त्याच्याच भावाने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याची धरली जाते.

दुसरा बदल गाजावाजा न होता झाला. २०२३-२४पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली आणि तीत देणगीवरची ८०जीची वजावट नाही. देणारा पावतीसाठी देतो की मनापासून, याचं उत्तर आता काही वर्षांत मिळेल. मार्च अखेरीस येणाऱ्या देणग्यांवर वर्षाचं अंदाजपत्रक बेतणाऱ्या संस्थांना ते ऐकण्याची फारशी उत्सुकता नसावी.

तिसरा बदल सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे सामाजिक संस्थांसाठीचा शेअर बाजार. मुद्दलही परत न मिळणारे रोखे तिथे विकता येतात. गुंतवणुकीची किमान रक्कम २ लाखांवरून १० हजार आणि पुढे १ हजारावर आणली गेली. लेखापरीक्षण आणि परिणाम-अहवाल यांचा बोजा पाहता पंधरा माणसांच्या दवाखान्याने या वाटेने जावं, असं सध्या तरी वाटत नाही.

देणगीच्या वाटेवरचा सर्वांत नाजूक प्रश्न व्यक्तीचा आहे. मराठी वाचकाने हेमलकसा डॉ. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा' या आत्मकथनातून ओळखलं. त्यांच्यावरचा २०१४चा चित्रपट आणि 'कौन बनेगा करोडपती'मधली आमटे दांपत्याची उपस्थिती यांनी ती ओळख देशभर नेली. लोक संस्थेला देतात म्हणजे बहुधा एका जोडप्याला देतात. आता जामखेड, हेमलकसा, शोधग्राम तिन्ही ठिकाणी पुढची पिढी काम पाहते आहे आणि तूर्त संस्था सावरल्या आहेत. पण ज्या संस्थेत वारस घरातला नाही, तिथे देणगीदाराचा विश्वास कोणाच्या नावे वर्ग होतो? शोधग्रामच्या 'निर्माण' उपक्रमाने २००६पासून तरुण डॉक्टरांना खेड्याकडे वळवण्याचा प्रयत्न चालवला आहे. निधी जमवण्याच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो, वास्तविक तोही निधीच आहे.

कंपन्यांचे दोन टक्के

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ठरावीक उलाढाल, नफा किंवा मालमत्ता असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. देशात असा सर्वाधिक पैसा महाराष्ट्रात येतो. कायदा कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि कंपन्यांचा परिसर मुंबई-पुणे-ठाण्याचा आहे. गडचिरोली आणि नंदुरबार हे आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहेत, कारखान्यांच्या यादीत त्यांची जागा बरीच खाली आहे.

मुदतीचाही प्रश्न आहे. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. तेवढ्यात इमारत होते, रुग्णवाहिका येते, सोनोग्राफी यंत्र येतं. रुग्णवाहिकेचा चालक मात्र चौथ्या वर्षीही पगार मागतो. उलट बाजूही नीट मांडायला हवी : कंपन्यांच्या पैशाबरोबर खरेदीची शिस्त, वेळापत्रक आणि हिशेब तपासण्याची सवय येते, आणि अनेक संस्थांना तिची गरज होती.

लोकांचा स्वतःचा पैसा

दल्ली राजहरा हे भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं खाणीचं गाव. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालच्या ठेकेदारी खाणकामगारांनी ३ जून १९८३ला तिथे शहीद हॉस्पिटल सुरू केलं. त्याआधी संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या होत्या; आपलं रुग्णालय हवं, ही भावना त्यातून घट्ट झाली. कामगारांनी वर्गणी दिली, अंगमेहनत दिली, बाहेरच्या देणगीवर विसंबायचं नाही असं ठरवलं. १९९१मध्ये नियोगींची हत्या झाली, रुग्णालय चालू राहिलं. नेत्याच्या चेहऱ्यावर न उभारलेला निधी नेत्यानंतरही टिकतो, असा निष्कर्ष यातून काढला जातो. तो काढताना एक गोष्ट विसरू नये : खाणकामगाराच्या हातात दर महिन्याला रोख मजुरी पडत होती. कोदो-कुटकीवर आणि तेंदूच्या हंगामावर जगणाऱ्या पाड्याकडे ती नसते.

रोख नसेल तर धान्य, हा सेवाग्रामचा मार्ग. कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांसाठी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेणारी विमा योजना चालली. सुगीला ज्वारी जमा करायची, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि वर्षभर रुग्णालयात सवलत. गावाने आपल्यापुरती श्रीमंत-गरीब ही मांडणी स्वतः मान्य केली, हे तिचं खरं यश. मर्यादाही स्पष्ट आहे : ज्वारीने गावपातळीवरचा खर्च निघत असला तरी मागे वैद्यकीय महाविद्यालयाचं सुसज्ज रुग्णालय उभं होतं.

गडचिरोलीत एक तिसरी शक्यता दिसते. मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता बांबू आणि तेंदू स्वतः विकतात. या उत्पन्नातून गावच्या आरोग्याचा खर्च उचलता येईल, असं काही कार्यकर्ते मानतात. इतर काहींना हे अन्यायाचं वाटतं. शहरातला माणूस सरकारी दवाखान्यासाठी वेगळी वर्गणी देत नाही, मग जंगलातल्या माणसानेच बांबू विकून नर्स का ठेवावी? मला यात दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो. मात्र स्वतःच्या पैशावर ठेवलेल्या नर्सला ग्रामसभा जाब विचारू शकते, हे पहिल्या बाजूचं म्हणणंही खोडता येत नाही.

रुग्णाकडून शुल्क घ्यावं का, हा याचाच धाकटा वाद. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांची एक-दोन रुपयांची फी प्रसिद्ध आहे. तिचा दवाखान्याच्या खर्चाशी संबंध नाममात्रच असणार. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. फी घेतली की माणूस उपचार गांभीर्याने घेतो, हे एक मत. दहा रुपयेही एखाद्या बाईला घरीच थांबवतात, हे दुसरं. दुसरं मत सध्या वरचढ आहे.

इमारत हवीच का?

या प्रश्नाने सगळ्या चर्चेची दिशा बदलते. जामखेडने अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५मध्ये काढलेल्या पुस्तकात त्या प्रयोगावर प्रकरण आहे. बंग दांपत्य आणि सहकाऱ्यांनी घराघरांत जाऊन नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली आलेल्या त्यांच्या निबंधात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं आहे. २०११पासून ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली गेली. बाळं वाचली ती झोपडीत. इमारतीसाठी निधी मागणाऱ्यांना हा पुरावा अडचणीचा आहे, आणि त्यावर त्यांचं उत्तर असं : घरोघरी जाणाऱ्या बाईच्या पाठीशी कुठेतरी दिवा लागलेला दवाखाना हवा, नाहीतर तिने धोका ओळखून उपयोग काय? जामखेड, गडचिरोली, गनियारी तिन्ही ठिकाणी गावातली कार्यकर्ती आणि रुग्णालय दोन्ही आहेत, तेव्हा हे उत्तर पोकळ नाही. वाद उरतो तो पहिला रुपया कुठे जावा याचा.

न सुटलेलं

तीन गाठी अजून तशाच आहेत. विरळ वस्तीत दर रुग्णामागचा खर्च जास्त येणारच. सरकार आणि कंपन्या दोघांच्या मोजमापात तो अकार्यक्षमता म्हणून नोंदला जातो. अंतर जमेस धरून खर्च मोजण्याची सर्वमान्य रीत रुजल्याशिवाय भामरागडचा दवाखाना कागदावर नापासच होत राहील. दुसरी गाठ पगाराची. आवर्ती खर्चासाठी दहा वर्षांची बांधिलकी देणारा दाता दुर्मीळ आहे, आणि सरकारी पगार घेतला की संस्थेचं स्वातंत्र्य किती उरतं यावर एकमत नाही.

तिसरी गाठ शस्त्रक्रियेची. शोधग्राम आणि हेमलकसा इथे शहरांतले शल्यचिकित्सक शिबिरांना येतात, हर्निया-मोतीबिंदू त्यात निभावतात. अडलेलं बाळंतपण शिबिराची तारीख पाहत नाही. त्याला भूलतज्ज्ञ आणि रक्त त्याच रात्री लागतं. म्हणून एक गट म्हणतो, जमलेला पैसा रस्ते, पूल आणि १०८ रुग्णवाहिकेच्या जोडीला स्थानिक वाहनांवर घाला. गरोदर बायकांना प्रसूतीच्या आधी काही दिवस मुक्कामाला ठेवणारी माहेरघरं वाढवा, हेही त्यांचंच म्हणणं. दुसरा गट सर्वसाधारण डॉक्टरांना सिझेरियन आणि भूल शिकवून ती सोय तालुक्यातच करायला सांगतो. पहिल्या पर्यायात पावसाळ्याचे चार महिने आडवे येतात. दुसऱ्यात, शिकून तयार झालेला डॉक्टर चौथ्या वर्षी तिथे असेल का, हा प्रश्न आडवा येतो.